बर्फ न साचणारी वाट

मी बंब आहे. जुना म्हणावा इतकं काही माझं वय नाही, मित्रांनो. सतराच हिवाळे झाले मला. पण मोडीत निघायला वय व्हावंच लागतं असं थोडंच आहे? चारचौघांत कोणीतरी नावं ठेवली की पुरतं. मला रसेल लाम्पीने नावं ठेवली, आणि खरं काय ते कळल्यावरही ठेवतच राहिला. म्हणून आज तोंड उघडतो आहे. गोडगोड काही ऐकायला मिळेल अशी आशा धरून बसू नका.

तुमच्याकडे न्हाणीत तांब्याचा बंब असायचा ना, त्याचा मी थोराड चुलतभाऊ. मी घरात मावत नाही. अंगणात उभा असतो, पानाच्या टपरीएवढा. पोटात भट्टी, भट्टीच्या भोवती पाणी, डोक्यावर धुराडं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला माझ्या तोंडात लाकडं भरायची. तापलेलं पाणी पंपाने जमिनीखालच्या पाइपातून घरात जातं, घर ऊबदार करतं आणि थंड होऊन माझ्याकडे परत येतं. एवढंच माझं काम. ऑक्टोबर ते एप्रिल, रोज, एक दिवसाचा खाडा नाही.

मी मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला असतो, कॅनडाच्या सरहद्दीजवळ. इथली माणसं फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. लाकूड तोडतात, मासे धरतात, कॉफी पितात. फारसं बोलत नाहीत. चूक झाली की मुळीच बोलत नाहीत.

मला या घरात आणलं ते यालमार पप्पांनी. पप्पा म्हणजे रसेलचे वडील. तेव्हा ते सत्तरीचे होते. घर त्यांनीच बांधलेलं, तरुणपणी, झाडं पाडण्यापासून खिळे ठोकण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. रसेल आणि त्याची बायको मार्लीन त्यांच्याजवळ राहायचे. तळघरातली जुनी शेगडी मोडायला आली तेव्हा रसेलचं म्हणणं पडलं, गॅस घेऊ.

पप्पा भडकले. "चाळीस एकर जंगल दारात उभं आहे आणि गॅस विकत आणतोस? लाकूड तोडायला हात दुखतात का तुझे?"

"तसं नाही पप्पा, रोजची कटकट नको."

"कटकट कसली? बाहेर पेटवायचं, बाहेरच विझवायचं. घरात राख नाही, आगीची भीती नाही. बंब घे. मी सांगतो म्हणून घे."

रसेलने घेतला. पण मनातून नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

कारखान्यातून मी आलो तो चकचकीत हिरवा रंग लावून. माझ्याबरोबर एक पुस्तक होतं. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की घरापर्यंतचा पाइप जाड आवरणाचा, तयार मिळतो तोच घ्यावा, आणि त्याला ओल लागू देऊ नये. ओल लागली की निम्मी ऊब जमिनीच्या घशात जाते. हे वाक्य मार्लीनने मोठ्याने वाचलं. रसेल तेव्हा चर खणत होता. नोव्हेंबरचा शुक्रवार होता, पाऊस भुरभुरत होता, आणि दुसऱ्या दिवशी हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी इथे लग्नसुद्धा कोणी ठरवत नाही.

"अरे, हा तर सखल भाग आहे," मार्लीन म्हणाली. "वसंतात इथे डबकं होतं. वरच्या बाजूने वळवून ने की."

"वरच्या बाजूने दुप्पट खणावं लागेल."

"मग सोमवारी खण."

"सोमवारी जमीन गोठली तर? हे बघ, पुस्तक लिहिणाऱ्याला उद्या शिकारीला जायचं नसतं."

आणि त्याने काय पुरलं, ऐका. दोन साधे पाइप घेतले. त्यांना फोम गुंडाळला. ते सगळं एका काळ्या नळीत कोंबलं. ती नळी होती शेतात साचलेलं पाणी बाहेर काढायची. तिला जागोजागी भोकं असतात, पाणी आत यावं म्हणून! पाण्यापासून जपायची वस्तू या बहाद्दराने पाणी पिणाऱ्या नळीत घातली. दिसली ती भोकं चिकटपट्टीने बुजवली, सांध्यांना पट्टी गुंडाळली, दीड हात माती लोटली आणि अंधार पडायच्या आत बंदूक पुसायला बसला. हरीण मिळालं. आठ फाट्यांच्या शिंगांचं होतं. भिंतीवर अजून आहे.

पहिले दोन हिवाळे माझे कौतुकाचे. फोम अजून कोरडा होता. बाहेर उणे वीस असलं तरी मार्लीन घरात अनवाणी हिंडायची. शेजारपाजारचे लोक येऊन माझ्या दारावर थाप मारायचे. "रसेल, झकास काम केलंस," म्हणायचे. रसेल खांदे उडवायचा. पप्पा मात्र खुशीत असायचे. रोज सकाळी दहाला कॉफीचा मग घेऊन माझ्याकडे यायचे, भट्टीचं दार किलकिलं करून आत बघायचे. "पेटलास का रे नीट?" विचारायचे. मला कोणी नीट काही विचारलं असेल तर ते या एका माणसाने.

तिसऱ्या हिवाळ्यात बर्फात एक रेघ दिसली. घराच्या मागच्या दारापासून निघालेली, सरळ माझ्यापर्यंत आलेली, वीतभर रुंद. सगळीकडे गुडघाभर बर्फ, आणि त्या रेघेवर ओली काळी माती. मी ओळखलं. मला नाही तर कोणाला कळणार? माझ्याकडून एकशे ऐंशी अंशाने निघालेलं पाणी वाटेतच ऊब सांडत होतं. नळीत पाणी शिरलं होतं आणि ते माझी ऊब चाटून वर बर्फाला पाजत होतं.

इथले अंश फॅरनहाइटचे, हे विसरू नका. बत्तीसला पाणी गोठतं. घरात अडुसष्ट असले की माणूस एका स्वेटरवर बसतो आणि पन्नासला घरातही कानटोपी लागते.

ती रेघ बघून लाम्पींनी काय करावं? आनंद झाला त्यांना! रसेल म्हणाला, "वा! इथे फावडं मारायला नको." मार्लीन कपड्यांची टोपली घेऊन त्यावरून जायची. कुत्रा तिथेच पसरायचा. पाहुण्यांना दाखवायचे, आमच्याकडे वाटेवर बर्फ साचत नाही म्हणून. दरवर्षी ती वाट रुंदावत गेली. वितेची हात झाली, हाताची दोन हात झाली. आणि दरवर्षी मला लाकूड जास्त लागायला लागलं. मग रसेलची कुरकुर सुरू झाली: "हा बंब नुसता खातो."

खातो! अरे, देतोस काय खायला ते तरी बघ. इथे सगळ्यांच्या घरी एक लाकडी खोली असते, सौना. दर शनिवारी तिथे दगड तापवायचे, घाम काढायचा, आणि आठवडाभराचं मौन तिथेच सोडायचं. देवळासारखी जपतात ती जागा. लाम्पींची सौना माझ्यापासून दहा पावलांवर. तिच्या चुलीला बर्चचं लाकूड, दोन वर्षं छपराखाली वाळवलेलं, हातात घेतलं तर खणखणणारं. आणि मला पॉपलर. ते झाड मुळात पाणचट, आणि रसेल ते तोडायचा कधी, तर ऑक्टोबरात. डिसेंबरात मला घालायचा तेव्हा टोकातून रस गळत असायचा. अशा लाकडाची निम्मी आग त्याचंच पाणी उकळण्यात जाते. उरते ती धुरात. माझ्या धुराड्यात डांबर साचायचं, भट्टीच्या भिंतींना काळा चिकटा बसायचा, आणि मी दिवसभर खोकत राहायचो. शनिवारी शेजारी बर्च तडतडायला लागला की माझा नुसता जळफळाट व्हायचा. पप्पाही या बाबतीत लेकाच्याच बाजूचे. बर्च सौनेचा, हे त्यांनीच त्याला शिकवलेलं.

तेराव्या हिवाळ्यात पप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं. बसवलं डॉक्टरांनी, पण चाल गेली. पुढे छातीही कमजोर झाली. तरी दहा वाजले की ते निघायचे, पायात नमद्याचे, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचे बूट, हातात काठीच्या जागी जुनी स्कीची काठी. बर्फावर त्यांना पाऊल टाकणं शक्य नव्हतं. त्या उघड्या वाटेवरून मात्र ते हळूहळू माझ्यापर्यंत पोचायचे आणि दारावर काठी टेकवून म्हणायचे, "बघ, माझ्यासाठी रस्ता केलास तू. पोटच्या पोराला सुचलं नाही."

मला काय वाटायचं सांगू? मला तो माणूस यायला हवा असायचा. आणि ज्या वाटेने तो यायचा ती वाट त्याच्याच खोलीतली ऊब खात होती. पाय गरम, आणि अंथरूण गार. पण मला तोंड आहे ते फक्त लाकूड गिळायला.

जिल्ह्याची नर्स जोलीन दर पंधरा दिवसांनी पप्पांना तपासायला यायची. मागच्या डिसेंबरात ती रसेलला अंगणात गाठून म्हणाली, "यांच्या छातीला थंडी चालणार नाही. घर अडुसष्टच्या खाली जाऊ देऊ नका. गेलं तर मला वर कळवावं लागेल."

"कळवून काय होईल?"

"गावातल्या वृद्धाश्रमात हलवतील. मला आवडतं म्हणून नाही सांगत, रसेल."

पप्पांनी दारातून ऐकलं. "मी कुठेही जाणार नाही," ते म्हणाले. "हे घर मी बांधलंय. मी इथेच मरणार. तू तुझं लाकूड बघ, रसेल." एवढंच त्यांचं मागणं होतं, मित्रांनो. आपल्या घरात मरायचं.

जानेवारीत ती थंडी आली. गुरुवारी उणे तीस, शुक्रवारी उणे छत्तीस. उणे चाळीसला तुमचे अंश आणि आमचे अंश एकच होतात, यावरून काय ते समजा. अशा थंडीत झाडं मधोमध उलतात आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. अशा थंडीत माझ्या जातीच्या बंबाला दुप्पट जेवण लागतं, कारण घराच्या प्रत्येक फटीतून ऊब पळते आणि माझ्याकडे येणारं पाणी आणखी गार होऊन येतं. पाणी गार, भट्टीच्या भिंती गार, वरून ओलं पॉपलर. लाकूड पेटायचं कसलं, नुसतं धुमसायचं. एकशे ऐंशीवरून माझा काटा एकशे चाळीसवर उतरला. वाटेत जे सांडायचं ते सांडतच होतं. घरापर्यंत पोचत होतं ते कोमट पाणी.

विजेच्या दोन शेगड्या लावून बघितल्या त्यांनी. जुन्या वायरी. फ्यूज उडाला आणि माझा पंपही बंद पडला. मग त्या काढून ठेवल्या.

शनिवारी सकाळी मार्लीन माझ्यापाशी आली, डोळ्यांखाली काळं झालेलं. "रसेल, घर त्रेपन्नावर आलंय. पप्पा तीन पांघरुणांत कुडकुडताहेत. बर्च घाल यात."

"बर्च? बंबात? डोकं फिरलंय का तुझं?"

"लाकूडच आहे ते."

"सौनेचं लाकूड आहे. आज शनिवार आहे. पप्पांनाच विचार."

मार्लीनने खरंच विचारलं. आतून पप्पांचा खरखरीत आवाज आला. "शनिवार आहे, पोरी." कपाळावर हात मारून ती आत गेली.

सौना तापली, आणि मग जे व्हायचं तेच झालं. अख्ख्या घरात-अंगणात ऊब असलेली ती एकच जागा. दुपारी बारापासून तिघंही तिथेच. पप्पा कपडे बदलायच्या बाकावर कोट-टोपी घालून बसले, हातात कॉफी. घरात फोन वाजत होता, पण ऐकायला कोण होतं? जोलीन थंडीमुळे सगळ्या म्हाताऱ्यांना फोन करत होती. लाम्पींकडे कोणी उचलेना, म्हणून ती गाडी घेऊन थेट आली. घर रिकामं. सौनेच्या धुराड्यातून धूर. तिने दार उघडलं.

"यालमार! इथे काय करताय?"

"सौना."

"कोट घालून?"

"वय झालं आता," पप्पा म्हणाले.

जोलीन हसली नाही. ती घरात गेली, परत आली आणि तोवर माझ्यात लाकडं घालायला बाहेर आलेल्या रसेलला म्हणाली, "एक्कावन्न. सोमवारी दुपारी येते. अडुसष्ट दिसलं नाही तर त्यांना घेऊनच जाईन."

रविवारी रसेलने सौनेचा बर्च आणला. सगळा. छपराखालचा शेवटचा ओंडका माझ्या तोंडात गेला. मित्रांनो, असा मी सतरा हिवाळ्यांत कधी पेटलो नव्हतो! धुराड्यातून धूर नाही, नुसती हवा थरथरत होती. एकशे पन्नास, एकशे साठ, दुपारी एक वाजता काटा एकशे ऐंशीवर. मी माझं काम केलं. कोणाचं काही देणं ठेवलं नाही.

घर किती झालं? सत्तावन्न. त्याच्या वर हलेना.

मार्लीन तळघरात गेली, पाइपाला हात लावला आणि तशीच धावत बाहेर आली. "रसेल, तिथे पाइप नुसता कोमट लागतोय. इथे काटा एकशे ऐंशी सांगतोय. मग मधे कुठे जातंय सगळं?"

अगदी नेमकं विचारलं तिने! मला वाटलं, सुटलो. आता हा खाली बघेल. रसेल, मार्लीन आणि त्यांच्यामागून काठी टेकत आलेले पप्पा, तिघं त्या वाटेवरच उभे होते. उणे छत्तीसमध्ये त्या अख्ख्या तालुक्यात तेवढीच एक जागा ओली होती, त्यांच्या बुटांखालची. वाफ निघत होती तिथून. अरे, खाली बघा! खाली बघा रे!

रसेलने वर बघितलं, माझ्या काट्याकडे. "काटा खोटा आहे," तो म्हणाला आणि हातमोज्याची मूठ काचेवर हाणली. काच तडकली. "पाणी तापतच नाहीये आत. भिकार वस्तू आहे ही, पहिल्यापासून. तुमचाच हा बंब, पप्पा. मी गॅस म्हणत होतो."

पप्पांनी काठीवर भार टाकला. मग म्हणाले, "हो. मीच घे म्हटलं होतं."

सोमवारी जोलीन आली. पप्पांची बॅग मार्लीनने भरली. गाडीत बसण्याआधी पप्पा म्हणाले, थांबा जरा, आणि नेहमीच्या वाटेने माझ्याकडे आले. दारावर काठीने ठोकलं. "जमलं नाही ना तुला? जाऊ दे. माझंही कुठे जमतंय." मग हळूच म्हणाले, "येतो रे." आणि गेले. त्या दिवशी मला माझ्या सगळ्या पोलादाची लाज वाटली, माझा काही दोष नसताना.

थंडी ओसरली. रसेल चर्चच्या कॉफीला बसला की माझ्या नावाने खडे फोडायचा. बंबाने दगा दिला, बंबामुळे बापाला आश्रमात ठेवावं लागलं. लोक मान हलवायचे. मार्चमध्ये पप्पा आश्रमात पडले, दुसरा खुबा गेला, आणि चालणं कायमचं बंद झालं. आता घर कितीही तापलं तरी त्यांना परत आणता येणार नाही, असं जोलीनने सांगितलं. रसेलने गॅस घ्यायचं ठरवलं. एप्रिलच्या शेवटी त्याने मला शेवटचं विझवलं आणि राखही काढली नाही.

जूनमध्ये गॅसची नळी टाकायला शेजारचा एल्डन खोदायचं यंत्र घेऊन आला. मागच्या दाराशी त्याने पहिलाच घाव घातला आणि माझी काळी नळी फुटली. आतून पाणी उसळलं. बादल्यांनी पाणी! एल्डन खाली उतरला, फोम हातात घेऊन पिळला. चहात बुडवलेल्या पावासारखा त्याचा लगदा झाला होता.

"रसेल," एल्डन म्हणाला, "ही तर पाणी काढायची नळी आहे रे."

रसेल फुटक्या नळीवर बुटाने माती लोटायला लागला.

"यातून घर तापणार कसं? तू तर अख्खी जमीन तापवत होतास."

मार्लीन पायरीवर उभी होती. तिने खड्ड्याकडे बघितलं. मग तिथून माझ्यापर्यंत नजर नेली. तेवढ्याच पट्ट्यातलं गवत इतर अंगणापेक्षा महिनाभर पुढे वाढलेलं होतं. ती खाली बसली. "म्हणजे बंबात काही नव्हतं," ती म्हणाली.

"भर ते परत, एल्डन," रसेल म्हणाला. "नळी दुसरीकडून नेऊ."

संध्याकाळी तो एकटा माझ्यापाशी आला. तडकलेल्या काचेवरची धूळ त्याने बोटाने पुसली. मला वाटलं, रडेल. रडला नाही. गेला.

दर रविवारी दोघं पप्पांना भेटायला जायचे. परत आले की गाडीतून उतरता उतरता मार्लीनचा एकच प्रश्न. "आज का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार आहे? ते चालणार आहेत का त्याने?"

"ते स्वतःला बोल लावून घेताहेत, रसेल. मला म्हणाले, मी हट्ट केला नसता तर पोराला हा ताप झाला नसता. तुला कसं ऐकवतं ते?"

"पुढच्या रविवारी सांगतो."

पुढचे रविवार पुष्कळ झाले. जुलैचे झाले, ऑगस्टचे झाले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पप्पा गेले. आश्रमात. खोली छान ऊबदार होती म्हणे.

मातीहून परत आल्यावर रसेल आवरासावर करायला लागला. मला विकत मागायला दूरवरून एक माणूस आला होता, ट्रक घेऊन. रसेलच त्याला म्हणाला, "नको नेऊ बाबा. हा तापत नाही. पस्तावशील." माणूस गेला. मी इतका वेळ ऐकत होतो आणि मला उलगडेना की हा स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक का परत पाठवतोय. मग उलगडलं. मी दुसऱ्या कोणाच्या अंगणात झकास पेटलो असतो, तर?

मार्लीन काळ्या कपड्यांतच बाहेर आली. ती रसेलच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"शेवटच्या रविवारी आश्रमात मी कॉफी घेऊन त्यांच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी तुझा हात धरला होता," ती म्हणाली. "मी दारातच थांबले होते. मी ऐकलं सगळं. ते म्हणाले, रसेल, त्या बंबाबद्दल मला माफ कर."

रसेलने मान वळवली.

"आणि तू म्हणालास, जाऊ द्या पप्पा, केलं माफ."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी अजून इथेच आहे. पोटात जुनी राख ओली होऊन दगड झाली आहे आणि तळाला गंज धरला आहे. मला तेलपाणी करा, रंग द्या, असं मी तुमच्याकडे मागत नाही. बंबाचं काय, बंब मोडतोच. मागायचं ते एवढंच. तुमच्या घरात काही नीट तापेनासं झालं, तर वस्तूला शिव्या घालण्याआधी तिच्यापासून तुमच्यापर्यंतचा रस्ता उकरून बघा. त्यात चूक तुमचीच निघाली, तर ती ज्याला भोगावी लागली त्याच्याकडे त्याच दिवशी जा, चिखलाच्या हातांनी जा, आणि सांगा. रविवारची वाट बघू नका.

पप्पांना मी सांगितलं असतं. पण मला येत नव्हतं. त्याला येत होतं.